हेमराज कापगते ज्या गोष्टींना हसले नाहीत

देवानंद गणवीर विज्ञानकथा लिहीत, आणि त्या विनोदी असत. भिलाईत राहणाऱ्या एकाच माणसाबद्दल ही दोन्ही विधानं करता येतील, असं आमच्या मराठी मंडळाला बरीच वर्षं वाटलं नव्हतं. मंडळाचं वाचनालय मी बघतो; त्यात विज्ञानकथांचा एक कप्पा होता. तो उघडायचा तर आधी त्याच्यापुढं रचलेली हळदीकुंकवाच्या वाणाची खोकी हलवावी लागत. देवानंद ती हलवून पुस्तक नेत आणि खोकी पुन्हा होती तशी लावून ठेवत. त्यांच्या स्वभावाबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे.

त्यांचे वडील कवडू गणवीर साकोलीकडून आले ते पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा, माती वाहायला. देवानंद जन्मले इथंच, शिकले इथंच, आयटीआय करून लागले तेही प्लांटातच, ब्लोइंग स्टेशनला. लोखंड वितळवणाऱ्या भट्टीला दिवसरात्र हवा लागते. ती हवा किती दाबानं चालली आहे, हे बघत बसणं म्हणजे त्यांची नोकरी. भिंतीवर मोठ्या थाळीएवढी यंत्रं होती. त्यांत एक गोल कागद सावकाश फिरायचा आणि शाईची सुई त्यावर रेघ काढत राहायची. कागद भरला की बदलायचा, जुना काही दिवस जपायचा आणि मग टाकून द्यायचा. देवानंद या टाकायच्या कागदांच्या पाठीवर गोष्टी लिहीत. कागद गोल, म्हणून ओळही कडेकडेनं गोल जायची, आणि वाचताना तो ट्रकच्या स्टिअरिंगसारखा फिरवावा लागायचा. त्यांची पात्रं फिरून फिरून त्याच जागी का येतात, याचं मला सुचलेलं हे एक कारण आहे.

प्लांटात एक नियम आहे, जो सरकारी कचेरीतल्या माणसाला क्रूर वाटेल. पाळी संपली म्हणून उठता येत नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे तुमचा रिलीव्हर, येऊन समोर उभा राहिला की मगच खुर्ची सोडायची. तो नाही आला तर बसून राहायचं. देवानंदांचे रिलीव्हर होते हेमराज कापगते. दर आठवड्याला पाळ्या फिरायच्या, पण जोडी फिरायची नाही. देवानंद उठणार आणि हेमराज बसणार, हे निवृत्तीपर्यंत ठरलेलं. लग्नातसुद्धा इतकी खात्री नसते.

हेमराज भंडाऱ्याकडचे, शेती करणाऱ्या घरातले. राहायला भिलाईतल्याच कोहक्यात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी आटाचक्की टाकली होती, त्यामुळं ते उशिरा येत. रोज नाही, पण ज्या दिवशी वेळेवर येत त्या दिवशी इतर लोक घड्याळ तपासत. निघायच्या वेळेला कुणीतरी बाई गव्हाचा डबा घेऊन उभी राहायची, आणि बाईला परत पाठवणं हेमराजांच्या स्वभावात बसत नव्हतं. देवानंदांना ताटकळत ठेवणं मात्र बसत होतं. देवानंदांनी कधी वर कळवलं नाही. कळवलं असतं तर हेमराजांची गैरहजेरी लागली असती. त्याऐवजी हेमराज धापा टाकत आले, भुवयांवर पीठ तसंच, की देवानंद त्यांना म्हणत, बस, एक गोष्ट ऐक.

मग ते गोल कागद फिरवत गोष्ट वाचत आणि हेमराज हसत.

हे हसणं आमच्या लेखकाच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची संस्था होती. देवानंदांच्या घरी गोष्टी ऐकायला कुणी नव्हतं. पत्नी शेवंताबाईंनी लग्नानंतर लवकरच सांगून टाकलं होतं की आपल्याला यात हसण्यासारखं काही दिसत नाही, आणि त्या पुढंही या मतावर ठाम राहिल्या. मुलगा नरेश मराठी बोलायचा, पण घरापुरतं. वाचायची वेळ आली की त्याला कुठलं तरी काम आठवायचं. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर देवानंदांनी एकदा प्रयोग केला. तेव्हा दोन ज्येष्ठ उपासकांनी त्यांना गंभीरपणे विचारलं होतं की मंगळावर खरंच असं आहे का. उरले हेमराज. म्हणून देवानंदांनी एक पद्धत ठरवून घेतली. हेमराज हसले, तर गोष्ट घरी न्यायची आणि चांगल्या कागदावर उतरवायची. हेमराज नुसते बघत बसले, तर तिथंच फाडायची आणि तेल पुसलेल्या चिंध्यांच्या डब्यात टाकायची. अपील नाही. एवढा कठोर संपादक मराठीत मी तरी दुसरा पाहिला नाही, आणि तो पीठ दळत होता.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, मंडळाच्या आग्रहानं म्हणा किंवा मंडळाला त्या वर्षी दुसरा कार्यक्रम सुचला नाही म्हणून म्हणा, देवानंदांचं पुस्तक निघालं. नाव ‘मंगळावर क्वार्टर’. शीर्षककथेत मंगळावर आपल्यासारखीच नंबरवार सेक्टरांची वसाहत होते आणि क्वार्टर मिळण्यासाठी ज्येष्ठता यादी लागते. मंगळाचं वर्ष पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळं तिथला जुना माणूस आणि इथून गेलेला जुना माणूस यांच्यात कोण अधिक जुना, यावर युनियनमध्ये फूट पडते. त्यानंतर चार पानं कक्षेचं गणित आहे. गणित बरोबर आहे; मी एका प्राध्यापकाकडून तपासून घेतलं. त्यांनीही ‘बरोबर आहे’ एवढंच म्हटलं होतं, हे मी तेव्हा लक्षात घ्यायला हवं होतं.

प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. अध्यक्ष भैयालाल रहांगडाले विज्ञानाचं महत्त्व सांगून बसले. देवानंदांना शाल आणि कुंडीतलं रोप देण्यात आलं. मग ‘पहिले वाचक’ म्हणून हेमराज बोलायला उठले. त्यांना भाषणाची सवय नव्हती. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला, आणि मित्राचा गौरव करायचा म्हणजे खरं बोलायचं, असा त्यांचा समज झाला असावा.

“तुमाले आता खरं सांगतो,” ते म्हणाले. “मी लेट येत होतो. चक्की होती ना माही. देवानंदभाऊ भला मानूस, त्यानं कधी रिपोर्ट नाही केला. पन त्याची गोष्ट आयकाची अन् हासाचं, असं होतं ते. मंग मी हासत होतो. समजो का नको समजो. जितका लेट, तितका जोरात हासत होतो बापा.”

सभागृह हसायला लागलं. हेमराजांना हुरूप आला.

“अन् ज्या दिवशी टाइमावर येत होतो, त्या दिवशी कायले हासू? त्या दिवशी मी चूपचाप बसून राहो. अन् हा म्हने, गोष्ट जमली नाही वाटते.”

मंडळाच्या सभागृहात एवढा हशा मी पूर्वी ऐकला नव्हता. लोक खुर्च्यांवर मागं रेलून हसत होते. भैयालालजींनी चष्मा काढून डोळे पुसले. व्यासपीठावर देवानंदही हसले, सगळ्यांत शेवटी, आणि सगळ्यांच्या आधी थांबले. आभाराचं भाषण त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण लोकांच्या मते कार्यक्रम फार रंगला होता. पुस्तकाच्या प्रतीही त्या संध्याकाळी बऱ्याच गेल्या, आणि नेणाऱ्यांपैकी अनेकांची समजूत अशी होती की त्यात हेमराजांनी सांगितलं तसंच काहीतरी असेल.

दुसऱ्या आठवड्यात देवानंद वाचनालयात आले ते स्वतःचंच पुस्तक वाचत बसले. मी चहा सांगितला. ते म्हणाले की आता एकेक गोष्ट वाचताना त्यांना ती कोणत्या पाळीत वाचली होती ते आठवतंय, आणि हेमराज किती उशिरा आले होते तेही. शीर्षककथेच्या दिवशी चक्कीचा पट्टा तुटला होता. हेमराज इतके उशिरा आले की देवानंदांची शेवटची बस गेली होती, आणि त्या दिवशी हेमराज पोट धरून हसले होते. म्हणून ती शीर्षककथा. पुस्तकातल्या गोष्टींचा क्रम लावतानाही त्यांनी हसण्याचा जोर हाच आधार धरला होता. म्हणजे अनुक्रमणिका वाचली की हेमराजांच्या चक्कीची कहाणी कळत होती.

मी म्हटलं, पुस्तक वाईट नाही. ते म्हणाले, “तेच तर मले माहीत नाही ना. अन् आता माहीत होनार बी नाही. ज्याच्यावर हा नाही हासला त्या मी फाडून टाकल्या. चांगल्या कोनत्या होत्या, ते मी कोनाले पुसू?”

त्यांना एवढंच हवं होतं. फाडलेल्या गोष्टींतली निदान एखादी परत मिळावी, आणि ती खरोखर हसण्यासारखी होती की नाही हे कळावं. कागद गेले होते, आणि स्वतःच्या डोक्यातूनही त्यांनी त्या शिस्तीनं पुसल्या होत्या, कारण न जमलेली गोष्ट डोक्यात ठेवली तर पुढची बिघडते असं त्यांचं मत होतं. त्या ऐकलेला माणूस एकच. म्हणून ते कोहक्याला गेले.

तिथं काय झालं ते मला आधी देवानंदांकडून आणि मग हेमराजांकडून कळलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही. भांडणाच्या हकिगतीत असं क्वचित होतं.

हेमराज चक्कीवर होते. घरात त्यांची नात टीना होती, कॉलेजात शिकणारी. तिनं देवानंदांना आबाजी म्हणून बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की ती रेकॉर्डिंग करून राहिली आहे, दहा मिनिटं पंखा बंद राहील. कसलं रेकॉर्डिंग, असं त्यांनी विचारलं. तर टीनाचं मोबाइलवर गोष्टींचं चॅनल होतं, ‘आबा की अटपटी कहानियाँ’. लहानपणी आबा जेवताना ज्या गोष्टी सांगायचे त्या ती हिंदीत सांगायची. ऐकणारे शेजारच्या कुम्हारीपासून कॅनडापर्यंत होते. देवानंदांनी कौतुक केलं. टीनानं त्यांना सगळ्यांत जास्त ऐकली गेलेली गोष्ट लावून दिली. तिचं नाव ‘कल का कुकर’.

एका बाईच्या घरी कुकर असतो. त्यात आज शिजलेली डाळ असते ती उद्या लावलेली. म्हणजे बाई सकाळी झाकण उघडते तर आत गरम डाळ. खाऊन घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी न विसरता तेवढीच डाळ धुऊन लावायची. झाकण उघडलं की ती नाहीशी होणार, कारण ती काल खाऊन झाली आहे. बाईला हे सोयीचं वाटतं. हळूहळू पाहुणे वाढतात, शेजारी वाटी घेऊन येतात, परवाची आणि तेरवाचीही डाळ खाऊन होते. सगळा मोहल्ला उद्याच्या डाळीवर जगायला लागतो आणि सगळ्यांचा एकच घोर असतो, की म्हातारीची तब्येत नीट राहो. मोहल्ल्यातले लोक तिला इतकं जपतात की तिला संशय येतो. एक दिवस ती मरतेच, आणि कुकर लावायचा राहून जातो. खाल्लेल्या डाळीचं काय होणार म्हणून सगळे पोटावर हात ठेवून बसतात.

देवानंदांनी गोष्ट ओळखली होती. पहिल्या शिट्टीलाच ओळखली, असं ते म्हणाले. ही त्यांनी कधीतरी उन्हाळ्यात वाचून दाखवली होती, हेमराज टक लावून बघत बसले होते, आणि ती चिंध्यांच्या डब्यात गेली होती. ते ऐकत राहिले. ऐकता ऐकता शेवटही त्यांना आठवला. म्हाताऱ्या बाईची सून, जिला कुणीच काही सांगितलेलं नसतं, ती तेराव्यानंतर सहज म्हणून डाळ लावते, आणि त्यापुढं काळाच्या दिशेबद्दल एक परिच्छेद होता.

टीनाच्या गोष्टीत तो परिच्छेद नव्हता. मोबाइलमधली टीना म्हणाली, “बहू ने ढक्कन खोला. दाल नहीं थी. कुकर धुला रखा था.” आणि गोष्ट संपली.

देवानंद मोठ्यानं हसले. हसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण नेमके त्याच ओळीला हसलो, जी आपली नाही.

तेवढ्यात हेमराज आत आले. मोबाइल बंद होण्याआधी शेवटचे शब्द त्यांच्याही कानावर पडले असावेत, कारण ते दारातच थांबले.

“माही गोष्ट होय हे,” देवानंद म्हणाले.

“तुहीच होय.”

“मंग तवा हासला कावून नाही?”

हेमराज खाली बसले. “आयकत होतो गा. हासाचं ध्यानातच नाही राहाचं. पुढं काय होते, पुढं काय होते, असं वाटे. त्या बाकीच्या गोष्टीत तसं नव्हतं. त्याच्यात मी घडी पाहत होतो, का कुठं हासू.”

“सांगाचं होतं ना मंग.”

“कसा सांगू? तू पुसला असता, मंग दुसऱ्याले कायले हासत होता?”

हेमराजांची अडचण तर्काला धरून होती. चांगल्या गोष्टीला चांगली म्हणायचं तर वाईट गोष्टींच्या हशाचा खुलासा करावा लागला असता, आणि एकदा खुलासा केला की उशिरा यायची सोय संपली असती. एका माणसाच्या चक्कीसाठी दुसऱ्या माणसाची निम्मी लेखनसंपदा अशी डब्यात गेली होती, आणि यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता.

“अन् घरी आनून सोताच्या नावानं सांगतल्या,” देवानंद म्हणाले.

“नाव कोन घेतलं? पोरं जेवत नव्हते, त्याहिले सांगतल्या. तू तर फाडून फेकल्या होत्या. स्क्रॅप झाल्या. स्क्रॅप कोनाच्या घरी नाही, सांग. हा पाट, ते स्टँड, चक्कीचा पाया, सारं तिथलंच. तुह्या घरी पलंग आहे ना अँगलचा?”

होता. भिलाईतल्या कोणत्याही जुन्या घरात प्लांटचं टाकाऊ लोखंड पलंगाच्या, शिडीच्या किंवा तुळशीच्या कुंडीच्या आधाराच्या रूपात सापडतं, आणि त्याला चोरी म्हणायची पद्धत नाही. कागदोपत्री मात्र ती चोरीच आहे. म्हणून गेटवर जेवणाचा डबासुद्धा उघडून बघत. हेमराजांनी जे नेलं ते कुठल्याही गेटवर सापडलं नसतं.

“तो धुतलेला कुकर?” देवानंदांनी विचारलं.

हेमराज पहिल्यांदा ओशाळले. “तो माहा होय,” ते म्हणाले. “तुनं तिथं लई समजावून सांगतलं होतं. पोरं उठून जात. मंग मी तसं केलं.”

देवानंद मला म्हणाले की बाकी सगळं त्यांनी सोसलं असतं. खोटं हसणं, खरं लपवणं, गोष्टी घरी नेणं, तेही. पण ज्या माणसाला आपण फक्त कान समजत होतो त्यानं आपल्याहून चांगली ओळ लिहावी, आणि तीही पाटावर बसून, जेवताना, याला काय म्हणायचं? ज्याच्यावर भरवसा टाकून त्यांनी स्वतःच्या निवडीचा नाद सोडला होता, त्याच्याकडं निवड पक्की होती. त्यानं ती फक्त वापरायला दिली नव्हती.

हेमराजांनी तिथंच टीनाला सांगितलं की या सगळ्या गोष्टी खरं म्हणजे या आबाजींच्या आहेत. टीनानं देवानंदांकडं बघितलं. प्रकाशनाचा व्हिडिओ तिनं पाहिला होता. पुस्तकही उघडून पाहिलं होतं, पण मराठी वाचायला तिला जड जायचं, आणि पहिल्या गोष्टीतलं गणित बघून तिनं ते मिटलं होतं. आपल्या आबांच्या तोंडून मित्राबद्दल जाहीर सभेत काहीतरी लागेल असं निघून गेलं आणि आता ते भरपाई करताहेत, हे कुणालाही दिसलं असतं. “आबा, आप भी ना,” ती म्हणाली, आणि देवानंदांना तिनं फार अदबीनं पोहे दिले.

त्यानंतर देवानंदांनी कुकरची गोष्ट पुन्हा लिहिली. सरळ, चौकोनी कागदावर. काळाच्या दिशेचा परिच्छेद त्यांनी काढला होता, पण धुतलेला कुकर घातला नव्हता. सून झाकण उघडते आणि तिथंच गोष्ट थांबते. मी विचारलं की ती ओळ का नाही. “ते माही नाही,” ते म्हणाले. गोष्ट फार छान झाली होती. जिना चढताना शेवटची पायरी नसावी तसं मात्र वाटत होतं. मी ती मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी संपादक मंडळाकडं दिली.

संपादक मंडळ म्हणजे भैयालालजी. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मला बोलावून घेतलं. ते आधी बराच वेळ देवानंदांच्या वयाबद्दल आणि योगदानाबद्दल बोलले. मग म्हणाले की ही गोष्ट त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, सूनबाई स्वयंपाक करताना लावतात. ही कापगत्यांच्या नातीची गोष्ट आहे. शिवाय शेवट गाळला आहे, म्हणजे ओळखू येऊ नये अशी खटपट केलेली दिसते. ज्येष्ठ लेखकाबद्दल असं बोलायला आपल्याला वाईट वाटतं. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. भैयालालजींनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि विचारलं की काही लेखी आहे का. लेखी होतं ते मूळ लेखकानंच फाडलेलं असल्यामुळं नव्हतं.

त्यांनी तोडगा काढला, आणि माणुसकीच्या दृष्टीनं तो वाईट नव्हता. कापगत्यांची संमती घ्यायची आणि छापायचं. हेमराजांना फोन केला तर ते संमतीचं नाव काढायच्या आत म्हणाले, गोष्ट त्याचीच आहे, मी कोण परवानगी देणारा. भैयालालजींच्या मते ही संमतीच होती, आणि फार मोठ्या मनाची होती. स्मरणिकेच्या कच्च्या प्रतीवर छापून आलं: ‘कथा: हेमराज कापगते. शब्दांकन: देवानंद गणवीर.’ खाली धुतलेल्या कुकराची ओळ भरून घेतलेली होती.

मी ती प्रत देवानंदांकडं घेऊन गेलो. शेवंताबाईंनी चहा ठेवला. देवानंदांनी पान वाचलं, उलटून मागची पापडांची जाहिरात वाचली, आणि मला परत दिलं.

“माही गोष्ट हेमराजले पुसून छापाची असन, तर नका छापू,” ते म्हणाले. “अन् छापाची असन तर माहं नाव काहाडा. एक काहीतरी करा.”

मंडळानं दुसरं केलं, कारण पान जुळवून झालेलं होतं.

हेमराज त्यानंतरही बरेच रविवार त्यांच्या घरी जात राहिले. शेवंताबाई त्यांना बसवत. देवानंद आतल्या खोलीत रेडिओ लावून बसत. हेमराज चहा पिऊन, थोडं थांबून, येतो गा म्हणून आत बघत आवाज देत आणि निघत. एकदा त्यांनी दाराशी उभं राहून फाडलेल्या गोष्टींतली आणखी एक, जशी आठवली तशी, आत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला सुरुवात केली होती. आत रेडिओचा आवाज वाढला. देवानंदांना ज्या गोष्टी परत हव्या होत्या त्या अशा दाराशी येऊन उभ्या राहत होत्या, आणि ज्या तोंडून त्या येत होत्या त्या तोंडून त्यांना त्या नको होत्या. ते पुढं काही लिहिताना दिसले नाहीत. वाचनालयात येत, वाणाची खोकी हलवत, पुस्तक नेत. गेल्या हिवाळ्यात गेले. छातीत दुखलं म्हणाले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

शोकसभेत हेमराज उठले. या वेळी त्यांनी माईक धरला नाही. लोक ज्या गोष्टी माझ्या म्हणून ऐकतात त्या सगळ्या देवानंदभाऊच्या आहेत, मी फक्त उचलल्या, एवढं ते म्हणाले आणि रडायला लागले. मित्राच्या मृत्यूनंतर स्वतःचं सगळं श्रेय असं त्याच्या पदरात टाकणारा माणूस लोकांनी पाहिला नव्हता. सभागृहात टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे भैयालालजींना उठून सांगावं लागलं.

आबांना एवढं रडताना बघून टीनाला राहवलं नाही. तिनं चॅनलवर श्रद्धांजलीचा खास भाग करायचं ठरवलं. आबांनी पुस्तक वाचून दाखवलं, तिनं हिंदीत उतरवून घेतलं, आणि ‘मंगळावर क्वार्टर’ सगळ्या गणितासकट रेकॉर्ड केली. लेखक म्हणून देवानंद गणवीर हे नाव मोठ्या अक्षरांत टाकलं. ऐकणारे नेहमीपेक्षा फार कमी मिळाले. ज्यांनी ऐकली त्यांच्यापैकी काहींनी खाली लिहिलं की मजा नाही आली, आबांचीच लावा.

टीना तो भाग ऐकवायला शेवंताबाईंकडं गेली. मीही पुस्तकाच्या उरलेल्या प्रती पोहोचवायला तिथं गेलो होतो. शेवंताबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. हसल्या नाहीत, त्यांचं मत बदललेलं नव्हतं.

“हे त्याहिच्या नावानं आहे?” त्यांनी विचारलं.

टीना हो म्हणाली, आणि नाव दाखवलं.

“अन् ते कुकराचं?”

टीना म्हणाली की ते आबांच्या नावावर आहे, पहिल्यापासून. ते आता बदललं तर लोक गोंधळतील.

शेवंताबाईंनी मोबाइल टीनाकडं सरकवला.

“मंग याच्यातून बी काहाडून टाक त्याहिचं नाव,” त्या म्हणाल्या. “नाही तं लोकाहिले वाटन, त्याहिले हे एकच येत होतं.”

टीना आज्ञाधारक मुलगी आहे. तिनं तिथंच बसून नाव काढलं. पण त्या चॅनलवर गोष्टीखाली लेखकाचं नाव नसलं की ‘आबा की’ हे मथळ्यातलंच नाव लागू होतं. त्यामुळं ‘मंगळावर क्वार्टर’ही आता आबांचीच आहे.